विंडसर राजप्रार्थनालयाची चित्रयोजना

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज (कार. १७६०–१८२०) याच्या विंडसर किल्ल्यातील नियोजित राजप्रार्थनालयासाठी (चॅपेल) बेंजामिन वेस्ट (१० ऑक्टोबर १७३८–११ मार्च १८२०) या अमेरिकन-ब्रिटिश चित्रकाराने आखलेली बायबलमधील प्रसंगांची चित्रमालिका. ‘प्रकटित धर्माचा इतिहास’ या नावाने ती ओळखली जाते. १७७९-८० च्या सुमारास तिला प्रारंभ झाला आणि सुमारे तीस वर्षे वेस्ट तीवर काम करीत होता. ज्या वास्तूसाठी ही चित्रे काढली गेली ती मात्र कधीच उभी राहिली नाही. त्यामुळे या योजनेचा अभ्यास आज विखुरलेली तैलचित्रे, रंगीत कच्चे आराखडे, भिंतींच्या मांडणीची रेखाटने आणि विषयांच्या याद्या यांवरूनच करावा लागतो. अठराव्या शतकात कोणत्याही इंग्रज राजाने एका चित्रकाराकडे सोपविलेले एवढे मोठे धार्मिक काम दुसरे नाही.

वेस्टचा जन्म पेनसिल्व्हेनिया वसाहतीत एका खाणावळवाल्याच्या घरी, क्वेकर पंथाच्या वातावरणात झाला. या पंथाच्या उपासनागृहात भिंती कोऱ्या असतात. चित्र, मूर्ती किंवा वेदी यांना तेथे स्थान नाही. १७६० मध्ये तो इटलीस गेला व तेथे रॅफेएल आणि प्राचीन रोमन शिल्पे यांचा त्याने तीन वर्षे अभ्यास केला. १७६३ मध्ये तो लंडनला आला आणि तेथेच कायमचा राहिला. यॉर्कचे आर्चबिशप ड्रमंड यांच्यासाठी त्याने काढलेले ॲग्रिपायनाचे चित्र (१७६८) राजाच्या पाहण्यात आले. त्यावरून राजाने रेग्युलस या रोमन वीराच्या प्रस्थानाचे चित्र त्याच्याकडून काढवून घेतले (१७६९). तेव्हापासून राजा व चित्रकार यांचा जो स्नेह जमला, तो दोघांच्या जन्मभूमींत युद्ध पेटले तरी तुटला नाही. १७६८ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल ॲकॅडेमीचा वेस्ट हा संस्थापक-सदस्य होता. १७७२ मध्ये राजाचा इतिहास-चित्रकार म्हणून त्याची नेमणूक झाली आणि रेनल्ड्झच्या मृत्यूनंतर १७९२ मध्ये तो ॲकॅडेमीचा अध्यक्ष झाला. भारतीय वाचकांना त्याचे नाव नसले तरी त्याचे एक चित्र परिचित असते. शाह आलम बादशाह क्लाइव्हला बंगालच्या दिवाणीची सनद देत आहे, हा १७६५ मधील अलाहाबाद येथील प्रसंग दाखविणारे, इतिहासाच्या पुस्तकांतून वारंवार छापले जाणारे चित्र वेस्टचे आहे. त्याने भारत कधी पाहिला नव्हता.

राजप्रार्थनालयात चित्रे लावण्याचा विचार आज साधा वाटला, तरी त्या काळच्या इंग्लंडमध्ये तो नाजूक होता. धर्मसुधारणेच्या काळात तेथील चर्चमधून मूर्ती व चित्रे हटविली गेली होती, भित्तिचित्रांवर चुना फासला गेला होता आणि उपासनास्थानातील चित्र म्हणजे रोमन कॅथलिक पंथाकडे परत टाकलेले पाऊल अशी समजूत रुजली होती. दुसऱ्या चार्ल्सने सतराव्या शतकात विंडसरच्याच प्रार्थनालयात व्हेर्रिओ या इटालियन चित्रकाराकडून भिंती व छत रंगवून घेतले होते. परंतु ती राजाची हौस मानली गेली, तिचा पायंडा पडला नाही. १७७३ मध्ये रेनल्ड्झ, वेस्ट, बॅरी, चिप्रिआनी, डान्स व अँजेलिका काउफमान या सहा चित्रकारांनी लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये विनामूल्य चित्रे काढून देण्याची तयारी दाखविली. लोकांना ते पोपपंथी वाटेल या भीतीने लंडनचे बिशप टेरिक यांनी नकार दिला. ही भीती अगदीच निराधार नव्हती. जून १७८० मध्ये कॅथलिकांना दिलेल्या सवलतींविरुद्ध लंडनमध्ये गॉर्डन दंगे झाले व कित्येक दिवस शहर जळत होते. नेमक्या त्याच काळात विंडसरची योजना आकार घेत होती.

जॉन गॉल्ट याने लिहिलेल्या वेस्टच्या चरित्रानुसार राजाने प्रथम धर्मपंडितांचा सल्ला घेतला. रिचर्ड हर्ड हे त्यांपैकी प्रमुख होत. युवराजाच्या शिक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर होती व पुढे ते वुस्टरचे बिशप झाले. वेस्टने विषयांची एक यादी या मंडळींपुढे ठेवली आणि अशा चित्रांनी इंग्लंडच्या चर्चच्या नियमांना वा रूढींना कोणताही बाध येत नाही असा निर्वाळा त्यांनी दिला. सेंट पॉलच्या वेळी चित्रकार आपण होऊन पुढे आले होते व बिशपने त्यांना अडविले होते. येथे राजाने बिशपांना आधीच बरोबर घेतले. चित्रकाराला मिळालेली मोकळीक मात्र त्यामुळे मर्यादित झाली. संतांच्या कथा, मेरीचे स्वर्गारोहण, हुतात्म्यांचे चमत्कार हे कॅथलिक वेदिचित्रांचे आवडते विषय या यादीत शोधूनही सापडत नाहीत. जे आहे ते सर्व बायबलच्या संहितेतील आहे.

‘प्रकटित धर्म’ या नावामागे त्या शतकातील एक मोठा वाद आहे. सृष्टीचा कर्ता ईश्वर बुद्धीने व निसर्गाच्या निरीक्षणाने ओळखता येतो, त्यासाठी चमत्कार, भविष्यवाणी किंवा धर्मग्रंथ यांची गरज नाही, असे मत इंग्लंडमधील काही विचारवंत मांडीत होते. याला नैसर्गिक धर्म म्हणत. त्याच्या उलट, ईश्वराने इतिहासाच्या ठराविक टप्प्यांवर मानवाला स्वतःची ओळख करून दिली आणि प्रत्येक टप्पा पुढच्याची पूर्वसूचना देतो, असे चर्चचे म्हणणे होते. हर्ड यांनी बायबलमधील भविष्यवाण्यांवर दिलेली व्याख्याने १७७२ मध्ये प्रसिद्ध झाली होती, ती याच प्रतिपादनाची. तेव्हा विंडसरची मालिका ही केवळ पवित्र कथांची सजावट नव्हती. भविष्यवाणी व तिची पूर्ती यांची साखळी भिंतीवर मांडून दाखविणारा तो एक युक्तिवाद होता. बायबलमधील कथाचित्रांची परंपरा युरोपात मोठी आहे, पण एखाद्या समकालीन तात्त्विक वादात प्रॉटेस्टंट राजाने चित्रकलेला साक्षीला उभे केल्याची उदाहरणे विरळ आहेत.

वेस्टने सर्व विषयांची विभागणी ईश्वरी ‘व्यवस्थां’मध्ये केली : जलप्रलयापूर्वीची, कुलपतींची, मोशेची आणि शुभवर्तमानाची, त्यांच्या अखेरीस प्रकटीकरणाच्या पुस्तकातील प्रसंग. गॉल्टच्या मते एकूण विषय ३६ होते, त्यांपैकी १८ जुन्या करारातील व उरलेले नव्या करारातील. काळाच्या ओघात यादीत फेरफार होत गेले, तथापि तिचा सांगाडा टिकून राहिला. प्रारंभ आदाम व हव्वा यांच्या एदेन बागेतून हकालपट्टीने आणि जलप्रलयाने होतो. नंतर नोहाचे अर्पण, इसहाकाला घेऊन निघालेला अब्राहाम, याकोब व एसाव यांचा जन्म, बारा पुत्रांच्या मेळ्यातील याकोबाचा मृत्यू आणि इजिप्तमधील दास्य. मोशेचा विभाग सर्वांत भरगच्च आहे : मोशेला झालेले पाचारण, फारोपुढे काठीचा साप होणे, तांबड्या समुद्रात बुडालेले सैन्य, सिनाय पर्वतावर मिळालेले नियमशास्त्र, अहरोनाचा याजकपदावरील अभिषेक, पितळेचा सर्प, पिसगा शिखरावरून दिसलेला वचनदत्त देश, कराराचा कोश घेऊन यहोशवाने ओलांडलेली यार्देन नदी. याच विभागाच्या शेवटी दावीदाचा अभिषेक व यशया आणि यिर्मया यांचे पाचारण येते. नव्या करारात ख्रिस्तजन्म, बाप्तिस्मा, मंदिरातील रुग्णांना बरे करणे, शेवटचे भोजन, वधस्तंभ, पुनरुत्थान व स्वर्गारोहण हे अपेक्षित प्रसंग आहेत. त्यांच्यापुढे पेत्राचे पहिले प्रवचन आणि यहूद्यांनी अव्हेरल्यावर परराष्ट्रीयांकडे वळणारे पौल व बर्णबा हे प्रसंग घेतले आहेत. शेवटच्या दोघांची निवड अर्थपूर्ण आहे. प्रॉटेस्टंट उपासनेत प्रवचनाला जे महत्त्व आहे, त्याचे मूळ येथे दाखविले गेले आहे.

भिंतींच्या मांडणीची जी रेखाटने उपलब्ध आहेत, त्यांवरून चित्रे सुटी टांगायची नसून वास्तूच्या चौकटीत बसवायची होती हे कळते. मध्यभागी एक भव्य उभे चित्र आणि त्याच्या दोन्ही अंगांना लहान चित्रे अशी त्यांची रचना आहे. जुन्या करारातील घटना ही नव्या करारातील घटनेची पूर्वछाया असते, ही ख्रिस्ती अर्थपरंपरा जुनीच आहे. अरण्यात खांबावर उंचावलेला पितळेचा सर्प व वधस्तंभावरील ख्रिस्त ही तिची सर्वांत परिचित जोडी. उपासकाने मान वळविताच सर्पावरून वधस्तंभाकडे, नियमशास्त्रावरून सुवार्तेकडे जावे, असा वेस्टच्या योजनेमागील विचार दिसतो. वास्तूचे आराखडे करण्यात प्रथम सर विल्यम चेंबर्झ या राजाच्या वास्तुविशारदाचा सहभाग होता. जागा ठरली होती किल्ल्याच्या आतील हॉर्न कोर्ट या चौकाची. येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. विंडसर किल्ल्याच्या आवारातच सेंट जॉर्ज चॅपेल हे मध्ययुगीन मंदिर आहे. त्यासाठीही वेस्टने शेवटच्या भोजनाचे वेदिचित्र (१७८६) आणि पुनरुत्थानाच्या रंगीत काचचित्राचा आराखडा केला होता. ते काम वेगळे. ते पूर्ण झाले, लावलेही गेले. मात्र एकोणिसाव्या शतकात रुची पालटल्यावर पूर्वेकडील ती खिडकी बदलण्यात आली.

कामाची पद्धत अशी होती : प्रत्येक विषयाचे लहान रेखाटन किंवा तैलरंगातील कच्चा आराखडा वेस्ट राजाला दाखवी, राजाच्या पसंतीनंतर मोठा चित्रपट हाती घेई. लंडनमधील न्यूमन रस्त्यावरील त्याच्या विस्तीर्ण चित्रशाळेत हे काम चाले व शिष्यांचे हातही त्याला लागत. या कामासाठी राजाकडून त्याला दरसाल १,००० पौंड मिळत. एवढी नियमित प्राप्ती इंग्लंडमधील फार थोड्या चित्रकारांना होती. इतिहासचित्रे काढणाऱ्याला तर नव्हतीच. गिऱ्हाईक हवे असेल तर चित्रकाराने व्यक्तिचित्रे रंगवावीत, अशी तेव्हाची रीत होती. राजाश्रयामुळे वेस्टची या चाकोरीतून सुटका झाली. पण त्यामुळेच त्याची सर्व भिस्त एका माणसाच्या प्रकृतीवर आणि मर्जीवर राहिली.

पूर्ण झालेल्या चित्रांत मोशे नियमशास्त्र स्वीकारीत असल्याचे चित्र (१७८४) आकाराने व कल्पनेने अग्रगण्य आहे. सुमारे १८ फूट उंच व १२ फूट रुंद असलेला हा चित्रपट पुढे वेस्टमिन्स्टर येथील संसदगृहात गेला. कायदे करणाऱ्यांच्या वास्तूत नियमशास्त्राचे चित्र लागावे हा योगायोग मोठा सुरेख आहे. पाट्या उचलून धरलेला मोशे वर, मेघ व प्रकाश यांच्या सीमेवर आहे. खाली दिपून गेलेला लोकसमूह. वेस्टने या मांडणीसाठी रॅफेएलकडे पाहिले हे उघड आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथावर आधारित रॅफेएलची पूर्णाकृती आरेखने (कार्टून) १६२३ पासून इंग्लंडच्या राजसंग्रहात होती. मूळची पोपच्या प्रार्थनालयातील विणलेल्या पडद्यांसाठी केलेली ही आरेखने, त्यांतील बायबलनिष्ठ विषयांमुळे, प्रॉटेस्टंट इंग्लंडने आपलीशी केली होती. वेस्टच्या दृष्टीने ती आदर्शही होती आणि ढालही.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलावीथीतील आदाम-हव्वेच्या हकालपट्टीचे चित्र (१७९१) अधिक वैशिष्ट्यपूर्ण आहे. देवदूताच्या हातातील ज्वालामय तलवारीऐवजी तेथे प्रकाशाचा एक झोत तिरपा उतरतो. कातड्याची वस्त्रे ल्यालेले मानवी जोडपे त्याखाली दबून पुढे सरते. साप जमिनीवरून सरपटत आहे. मागे गरुड एका दुबळ्या पक्ष्यावर झडप घालतो आणि सिंह घोड्यांच्या पाठी लागले आहेत. पतनानंतर प्राणिसृष्टीतही वैर शिरले, हे सांगण्यासाठी वेस्टला एकही शब्द लागत नाही. त्याची अनेक चित्रे काटेकोर पण निर्जीव आहेत, हा टीकाकारांचा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. डझनभर आकृतींनी एकाच वेळी हात उंचावले की भावनेऐवजी कवायत दिसू लागते. तरीही हे चित्र आणि सिडनी येथील यहोशवाच्या यार्देन-उल्लंघनाचे चित्र (१८००) पाहिल्यावर तो आक्षेप सरसकट लावता येत नाही.

मालिकेतील सर्वांत धाडसी कल्पना शेवटच्या विभागात होती. प्रकटीकरणातील सात शिक्के फुटतात, तेव्हा फिकट घोड्यावर बसून मृत्यू बाहेर पडतो. या प्रसंगाचे १७८३ मधील (पुढे १८०३ मध्ये हात फिरविलेले) रेखाटन रॉयल ॲकॅडेमीच्या संग्रहात आहे. भयातून उत्पन्न होणारी भव्यता या शतकातील इंग्रज सौंदर्यविचाराचा आवडता विषय होती. एडमंड बर्क याचा त्यावरील प्रबंध १७५७ मध्ये निघाला होता. वेस्टच्या रेखाटनात घोड्यांचा लोंढा, कोसळणारी शरीरे व धुरासारखा काळोख एकात एक मिसळतात. नेहमीच्या स्थिर, त्रिकोणी मांडणीचा त्यात मागमूसही नाही. याच विषयाचा तैलरंगातील आराखडा त्याने १८०२ मध्ये पॅरिसला नेऊन प्रदर्शित केला. प्रकटीकरणातील काही विषय त्याने विल्यम बेकफर्ड या धनाढ्य रसिकाच्या फाँटहिल येथील वास्तूसाठीही रंगविले, तेव्हा दोन्ही योजना एकमेकींत गुंतल्या आहेत.

राजाची प्रकृती १७८८ मध्ये प्रथम गंभीरपणे ढासळली होती. १८०१ मध्ये मनोविकाराचा दुसरा झटका आला. त्याच वर्षी किल्ल्यातील बांधकामावर असलेला वास्तुविशारद जेम्स वायट याच्यामार्फत वेस्टला निरोप आला की, प्रार्थनालयाच्या चित्रांचे काम थांबवावे. कारण सांगितले गेले नाही. २६ सप्टेंबर १८०१ रोजी वेस्टने राजाला सविस्तर पत्र लिहून आपली बाजू मांडली. उत्तर आले नाही. पुढे प्रत्यक्ष भेटीत राजाने काम चालू ठेवण्यास सांगितले, असे गॉल्ट नमूद करतो. पण पूर्वीचा विश्वास परतला नाही. वायट गॉथिक शैलीचा पुरस्कर्ता होता. तोच १८०५ मध्ये वेस्टच्या जागी ॲकॅडेमीचा अध्यक्ष निवडला गेला. वर्षभरातच सदस्यांनी वेस्टला परत बोलाविले. शिवाय फ्रान्समधील राजक्रांतीनंतर, अमेरिकेत जन्मलेल्या आणि पॅरिसला जाऊन नेपोलियनची वाखाणणी करणाऱ्या चित्रकाराविषयी दरबारात संशय असणे स्वाभाविक होते. १८१० च्या अखेरीस राजाचे दुखणे कायमचे जडले व १८११ मध्ये राजप्रतिनिधीची कारकीर्द सुरू होताच वेस्टचे मानधन बंद झाले. तेव्हा तो ७२ वर्षांचा होता. २८ चित्रे पूर्ण झाली व त्यांपोटी २१,७०५ पौंड मिळाले, असा गॉल्टचा हिशोब आहे. आधुनिक अभ्यासक पूर्णत्वास गेलेल्या मोठ्या तैलचित्रांची संख्या याहून बरीच कमी धरतात.

राजाश्रय सुटल्यावर वेस्ट लोकांकडे वळला. रुग्णांना बरे करणाऱ्या ख्रिस्ताचे त्याचे चित्र ब्रिटिश इन्स्टिट्यूशनने १८११ मध्ये ३,००० गिनींना घेतले आणि ते पाहण्यासाठी पैसे देऊन येणाऱ्यांची रीघ लागली. १८१७ मध्ये त्याने फिकट घोड्यावरील मृत्यूचा प्रचंड चित्रपट रंगविला. तो आता फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया ललितकला ॲकॅडेमीत आहे. म्हणजे राजप्रार्थनालयासाठी योजिलेले विषय तिकीट काढून आलेल्या नागरिकांपुढे आले. धर्मचित्राचा आश्रयदाता राजाऐवजी सामान्य प्रेक्षक झाल्याचे हे इंग्लंडमधील एक आरंभीचे उदाहरण होय. या चित्रांपैकी रुग्णसेवेचे मूळ चित्र १९२८ मध्ये टेम्स नदीचा पूर लंडनच्या टेट कलावीथीत शिरला तेव्हा खराब झाले आणि नंतर नष्ट झाले.

विंडसरमध्ये जे साधले नाही, ते ग्रिनिच येथील नाविक रुग्णालयाच्या प्रार्थनालयात काही प्रमाणात साधले. १७७९ च्या आगीनंतर ते नव्याने सजविण्यात आले व माल्टा बेटावर जहाज फुटल्यावर पौलाने हातावरील साप झटकून टाकल्याचे वेस्टचे सुमारे २५ फूट उंचीचे वेदिचित्र तेथे बसविले गेले (१७८९). ते अद्याप मूळ जागी आहे. वेस्टची धार्मिक चित्रे वास्तू, प्रकाश व उपासना यांच्या सान्निध्यात कशी दिसावयाची होती, याची कल्पना यावयास ग्रिनिचला जाणे हाच उत्तम मार्ग होय.

वेस्ट व तिसरा जॉर्ज १८२० मध्येच, सहा आठवड्यांच्या अंतराने वारले. चित्रकाराच्या मुलांनी, रॅफेएल व बेंजामिन यांनी, १८२६ मध्ये वडिलांच्या चित्रांचा संग्रह अमेरिकेच्या काँग्रेसने विकत घ्यावा असे सुचविले. ते मान्य झाले नाही. चौथ्या जॉर्जला या चित्रांत रस नव्हता. १८२८ मध्ये त्याने प्रार्थनालयाची चित्रे त्या दोघांना परत केली आणि मे १८२९ मध्ये इतर चित्रांबरोबर त्यांचा लिलाव झाला. एका क्रमाने वाचावयाची मालिका अशा रीतीने खंडित झाली. त्यांतील सात चित्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यात, ग्रीनव्हिल येथील एका कर्मठ प्रॉटेस्टंट विद्यापीठाने मिळविली व आपल्या आवारातील प्रार्थनालयात लावली. विंडसरच्या हॉर्न कोर्टवर मात्र चौथ्या जॉर्जच्या काळात हाती घेतलेल्या कामांत छप्पर आले आणि तेथे वॉटर्लू दालन तयार झाले. नेपोलियनच्या पराभवाला हातभार लावणारे राजे, सेनापती आणि मुत्सद्दी यांची व्यक्तिचित्रे त्याच्या भिंतींवर आहेत.